दाखल्यावरचे राज्य

‘सीमाभाग’ हा शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांसमोर बेळगाव उभे राहते. फार तर निपाणी, खानापूर, कारवार, आणि ज्यांना इतिहास ठाऊक आहे त्यांच्या डोळ्यांसमोर बिदर-भालकी. आपल्या लेखनातला सीमाभाग हा महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या, आत येऊ पाहणाऱ्या माणसांचा प्रदेश आहे. सोलापुरात राहून मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला मात्र या शब्दाची दुसरी बाजू दिसत राहते. आमच्या दक्षिणेला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातील जत या तालुक्यांत अशी कितीतरी गावे आहेत, जिथे घरात, शेतात, देवळात कन्नड बोलली जाते आणि तलाठ्यापुढे मराठी. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकाकडे ठेवले, ही शिफारस आपल्याला पाठ असते. त्याच आयोगाने अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूर व जत तालुक्यांतील गावे कर्नाटकाला द्यावीत असेही सुचवले होते, हे आपल्या स्मरणातून सोयीने गळून गेले आहे.

या लेखाचा विषय सीमावाद नाही. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. मला लिहायचे आहे ते त्याहून लहान आणि माझ्या मते अधिक निकडीच्या प्रश्नाविषयी. एखादा भूभाग ज्या राजकीय संघटनेत आजवर होता तीतून बाहेर पडतो, तेव्हा तिथल्या माणसाच्या हक्कांचे आणि स्वातंत्र्याचे नेमके काय होते? भाषेच्या अस्मितेपेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. अस्मितेचे उत्तर नकाशावर मिळते. हक्काचे उत्तर त्या माणसाच्या कपाटातील कागदांत शोधावे लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जत तालुक्यातील गावांवर आणि मग अक्कलकोट-सोलापूरवर हक्क सांगितला. त्या गदारोळात अक्कलकोट तालुक्यातील काही ग्रामपंचायतींनी, आम्हांला रस्ते, पाणी, वीज मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ द्या, अशा आशयाचे ठराव केले. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी एकमताने आपापले ठराव संमत केले; महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा इंच न् इंच आणण्याचा निर्धार होता. दरम्यान अक्कलकोटच्या ग्रामपंचायतींना प्रशासनाकडून विचारणा झाली आणि बहुतेकांनी आपले ठराव मागे घेतले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

माझ्या वर्गात तो संपला नाही. पदव्युत्तर वर्गात त्या वर्षी अक्कलकोट तालुक्यातील तीन विद्यार्थिनी होत्या. सोलापुरातल्याच एका विद्यार्थ्याने त्या गावकऱ्यांना ‘फितूर’ म्हटले. संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरीवर नुकतीच चर्चा झालेली असल्याने त्याच्या तोंडी तो शब्द आला असावा, अशी सारवासारव इतरांनी केली. पण तो शब्द मला खुपला, आणि त्याचे कारण भावनिक नव्हते. भारतीय संविधानाच्या दृष्टीने तो शब्द चुकीचा होता. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर भारताच्या सार्वभौमत्वाचे आणि एकात्मतेचे बंधन घातले. द्रविडनाडूची मागणी तेव्हा ताजी होती. देशातून फुटून निघण्याच्या प्रचाराविरुद्धचे ते बंधन आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मागणी त्यात बसत नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा मार्गच आखून ठेवला आहे, आणि ज्या मागणीसाठी संविधान मार्ग आखते ती मागणी करणे हा द्रोह कसा होईल? बेळगावकर मराठी माणूस १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, तेव्हा आपण ज्या स्वातंत्र्याच्या नावाने त्याच्या बाजूने उभे राहतो, तेच स्वातंत्र्य अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याचे आहे. ते एकाला देऊन दुसऱ्याला नाकारायचे असेल तर आपण स्वातंत्र्याविषयी बोलत नसून जमिनीविषयी बोलत आहोत.

मात्र या तिसऱ्या अनुच्छेदात एक विलक्षण गोष्ट आहे. सीमा बदलायची तर राष्ट्रपतींनी संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे. ते मत संसदेवर बंधनकारक नाही. त्या भूभागात राहणाऱ्या लोकांना विचारण्याची तरतूद तर नाहीच. १९५६ साली मुंबई राज्याचे तीन तुकडे करण्याचे विधेयक संसदेत असताना बदलले आणि गुजरात-महाराष्ट्राचे एकच द्विभाषिक झाले. बदललेल्या योजनेवर विधिमंडळाला पुन्हा विचारायला हवे होते, असा दावा घेऊन बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ साली न्यायालयाने सांगितले, पुन्हा विचारण्याची गरज नाही. विधिमंडळाची ही कथा, तर ग्रामपंचायतीची काय! आपल्या परिसरात लोकांना थेट विचारले गेले ते एकदाच, १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात, आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. त्यानंतर तसा प्रयोग कोणी केलेला नाही. उत्तर मनाजोगते येईलच असे नसते, हे दिल्लीला आणि मुंबईलाही तेव्हा कळले असावे.

येथे ब्रिटनची आठवण होणे अपरिहार्य आहे. २३ जून २०१६ रोजी तिथे प्रत्येक मतदाराला विचारण्यात आले, युरोपीय संघात राहायचे की नाही, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. लोकांना विचारले, हे खरे. पण त्या कौलाने लोकांच्या हातून काय गेले ते पाहा. सत्तावीस देशांत परवान्याविना राहण्याचा, काम करण्याचा हक्क गेला. फ्रान्समध्ये कित्येक वर्षे राहिलेल्या एका ब्रिटिश स्त्रीचे नाव तिथल्या स्थानिक मतदार यादीतून काढले गेले. ती दाद मागत युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. जून २०२२ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला की ब्रिटन बाहेर पडल्याबरोबर ब्रिटिश नागरिकांचे युरोपीय नागरिकत्व संपले, आणि त्याबरोबर तिचा तो मताधिकारही. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आपल्याला विचारत कोणी नाही, पण राज्य बदलले म्हणून नागरिकत्व जात नाही. नागरिकत्व एकच, भारताचे. अक्कलकोट उद्या कर्नाटकात गेले तरी तिथल्या माणसाला सोलापुरात घर घेता येईल, पुण्यात नोकरी करता येईल, मनाला येईल ते बोलता येईल (निदान तितकेच, जितके आज येते). मूलभूत हक्कांच्या प्रकरणातला एकही शब्द त्याच्यासाठी बदलणार नाही.

हे वाचून कोणालाही वाटेल, मग प्रश्न कुठे आहे? वर्गात मीही इथपर्यंत येऊन थांबले होते. तेव्हा अक्कलकोटकडच्याच, पण कन्नड नव्हे तर बंजारा तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थिनीने हात वर केला. “मॅडम, माझी मामेबहीण आळंद तालुक्यात आहे. ती एससी आहे आणि मी व्हीजे. गाव तिकडं गेलं तर मी कोण?”

आळंद हा कलबुर्गी जिल्ह्यातील, अक्कलकोटला लागून असलेला तालुका. दोघी एकाच आजीच्या नाती. कर्नाटकात बंजारा, म्हणजे लंबाणी, अनुसूचित जातींत येतात. महाराष्ट्रात विमुक्त जातींत. आणि आणखी पूर्वेला तेलंगणात तेच लोक, लंबाडा या नावाने, अनुसूचित जमातींत. तीन राज्ये, एक भाषा, एकच गोत्रे, आणि संविधानाशी तीन प्रकारचे नाते. अनुसूचित जातींसाठी लोकसभेत आणि विधानसभेत राखीव जागा आहेत, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. विमुक्तांना महाराष्ट्रात शिक्षण आणि नोकरीत आरक्षण आहे, पण विधानसभेत राखीव जागा नाही आणि तो कायदाही त्यांच्यासाठी नाही. आळंदच्या बहिणीला कोणी जातीवरून अपमानित केले तर तिच्या पाठीशी एक कायदा उभा राहतो. अक्कलकोटच्या बहिणीच्या पाठीशी तो नसतो.

हे असे का, याचे उत्तर संविधानाच्या ३४१ आणि ३४२ या अनुच्छेदांतील एका छोट्या शब्दसमूहात आहे. याद्या ‘त्या राज्याच्या संबंधात’ ठरवायच्या. जात माणसाबरोबर चालते, पण तिच्यामुळे मिळणारा हक्क राज्याच्या सीमेवर थांबतो. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने, आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या आणि लहानपणापासून मुंबईत वाढलेल्या मुलाला महाराष्ट्रात त्या प्रवर्गातून वैद्यकीय प्रवेश मागता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१८ च्या निकालाने तेच तत्त्व पुन्हा सांगितले. तो मुलगा स्वतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. पण माणूस जागेवरच राहिला आणि राज्य त्याच्या पायाखालून सरकले तर? २०२१ मध्ये बिहार-झारखंडच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाला हा प्रश्न सोडवावा लागला. विभाजनानंतर अशा व्यक्तीला दोहोंपैकी कोणत्याही एका राज्यात आरक्षणाचा लाभ मागता येईल, मात्र एकाच वेळी दोन्हींकडे नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल योग्यच आहे. पण राज्य फुटले २००० साली आणि हे उत्तर मिळाले २०२१ साली. मधल्या वीस वर्षांत ज्यांची वये उलटून गेली त्यांना या न्यायाचा उपयोग काय, हे विचारायला कोणी उरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ही सरकारी याद्यांची भाषा कदाचित कंटाळवाणी वाटेल. पण आपण वर्षानुवर्षे ज्या आत्मकथनांचे अध्यापन करतो ती याच याद्यांच्या फटींतून लिहिली गेली आहेत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. विदर्भ एके काळी मध्य प्रांतात होता; त्या राज्यातून तो बाहेर पडला, तरी त्या राज्याची यादी मागे राहिली. एकाच राज्यातल्या एकाच समाजाच्या दोन तुकड्यांमधून अशी जुनी, पुसली गेलेली सीमा आजही जाते. भीमराव गस्तींचे ‘बेरड’ आपण मराठी आत्मकथन म्हणून शिकवतो आणि ते आहेच. पण ते बेळगावजवळच्या यमनापूरचे आहे. बेरड महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात नायक समूहात धरले जाऊन अनुसूचित जमातीत. सोलापुरात मोठ्या संख्येने असलेला वडार समाज इथे विमुक्त, भीमेपलीकडे अनुसूचित जाती. या पुस्तकांवर आपण वेदना, विद्रोह, बोली, निवेदन यांविषयी शेकडो पाने लिहिली. निवेदक सीमेच्या कोणत्या बाजूला जन्मला आणि त्यामुळे त्याच्या हातात कोणता कागद आला, हा प्रश्न मी तरी कुठल्या समीक्षेत वाचलेला नाही.

सोलापूरला तर याची आणखी एक साक्ष आहे. शहरातल्या एका भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या, हजेरी द्यावी लागणाऱ्या लोकांची ती वसाहत. १९४७ च्या १५ ऑगस्टला देश साम्राज्यातून बाहेर पडला. देशभरात तो कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाच वर्षे आणि सोळा दिवस. विमुक्तांच्या चळवळीत हा आकडा मुलांनाही माहीत असतो. शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नळदुर्गची तारीख पुन्हा निराळी, कारण ते निजामाच्या राज्यात होते आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहूनच त्या दिशेने निघाले. अक्कलकोट हे भोसल्यांचे संस्थान, तेही १९४८ मध्येच मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात स्वातंत्र्याच्या तीन-चार तारखा लागत. कोणत्या राज्यातून बाहेर पडलो यावर आपले स्वातंत्र्य केव्हा सुरू झाले हे ठरत होते.

निजामाच्या राज्यातून बाहेर पडण्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आमच्या भागात तो अनुभव शिळा झालेला नाही. हैदराबाद राज्यात नोकरीसाठी ‘मुलकी’ असावे लागे. बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवल्यावर तो दर्जा मिळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य तिघांत वाटले गेले. उस्मानाबादचा माणूस आदल्या रात्री हैदराबादेत मुलकी म्हणून झोपला आणि सकाळी तिथे परका होऊन उठला. त्याच्या वाट्याला मुंबई आली, हे मोठेच दान होते. पण जे गेले त्याची नोंद कोणी ठेवली नाही. नोंदी ठेवल्या त्या निजामाच्या महसूल खात्याने, आणि त्या आज परत आल्या आहेत. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याची प्रक्रिया ठरवणारा निर्णय काढला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. जे राज्य सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी शरण आले आणि एकोणसत्तर वर्षांपूर्वी नकाशावरून गेले, त्याच्या कागदावर २०२५ मधील नागरिकाचा हक्क ठरतो. तुळजापूरचा मराठा शेतकरी त्या कागदाकडे बोट दाखवू शकतो. सोलापुरात दिलेली त्याची बहीण आणि तिची मुले त्या गॅझेटियरच्या बाहेर पडतात.

त्या निर्णयापाठोपाठ बंजारा समाजानेही हैदराबादच्याच नोंदी पुढे करून अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी लावून धरली. तेलंगणातील लंबाड्यांना तो दर्जा मिळाला १९७६ च्या कायद्याने. तोवर मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडून वीस वर्षे झाली होती. बाहेर पडताना जो हक्क अस्तित्वातच नव्हता, तो बाहेर पडल्यामुळे हुकला! हक्कांचे हे असे चमत्कारिक गणित आहे. जाताना काय हरवते ते जाताना कळतच नाही. याच्या उलट उदाहरण पलीकडे कलबुर्गीत आहे. तो जिल्हाही निजामाकडचाच. तो म्हैसूर राज्यात गेला. २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) हा अनुच्छेद आला आणि एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या त्या कन्नड जिल्ह्यांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत स्थानिकांसाठी आरक्षण मिळाले. मराठवाड्याला ३७१ (२) खाली वैधानिक विकास मंडळ मिळाले १९९४ साली, आणि त्याची मुदत २०२० मध्ये संपली. एकाच राज्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन प्रदेशांना दोन निराळ्या मापांनी मोजले गेले.

आता अक्कलकोटकडे परत येऊ. अनुसूचीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी राज्य बदलणे म्हणजे हक्क मागण्याची भाषा बदलणे. सातबारा जाऊन पहाणी पत्रक येईल. तालुका न्यायालयातील कैफियत मराठीऐवजी कन्नडमध्ये लिहिली जाईल. ज्यांची घरची भाषा कन्नड आहे त्यांना हे सोपे जाईल असे आपल्याला वाटते, आणि बऱ्याच अंशी ते खरेही असेल. काही बाबतींत तर स्पष्ट लाभ आहे, तो मान्य करायला हवा. उच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क संविधानाने सर्वांना दिला आहे, पण ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू होईपर्यंत अक्कलकोटच्या माणसाचे उच्च न्यायालय मुंबईत होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे कलबुर्गी पीठ अक्कलकोटहून शंभर किलोमीटरच्या आत आहे. ज्या हक्कासाठी रात्रीच्या गाडीने जावे लागते आणि ज्यासाठी सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते, ते दोन हक्क कागदावर सारखे असले तरी सारखे नसतात. ठराव करणाऱ्या गावकऱ्यांनी रस्त्याची आणि पाण्याची भाषा केली तेव्हा आपल्यापैकी काहींना ती क्षुद्र वाटली. मला ती हक्काची भाषा वाटते; पोहोचता येणे हा प्रत्येक हक्काचा पूर्वार्ध आहे.

पण घरची भाषा कन्नड असलेल्यांनाही ते सरसकट सोपे नाही. त्या वर्गातली दुसरी विद्यार्थिनी लिंगायत शेतकरी घरातली. घरी कन्नड, शाळा मात्र पहिलीपासून मराठी, कारण गावात तीच होती. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. अनुच्छेद ३५० (अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगतो. तरी पुढे महाविद्यालय, स्पर्धा परीक्षा, नोकरी सारे मराठीत, म्हणून कित्येक पालक स्वतःहून मराठी शाळेकडे वळतात. ती मुलगी मराठीत एम. ए. करीत होती आणि शिक्षक होण्यासाठी महाराष्ट्राची शिक्षक पात्रता परीक्षा देणार होती. ती म्हणाली, “कन्नड मला बोलता येतं, वाचता येतं थोडं. लिहिता येत नाही. आमचं गाव गेलं तर आमची भाषा मिळेल, पण मी निरक्षर होईन.” कर्नाटकाची पात्रता परीक्षा वेगळी, तिथल्या मराठी शाळा सीमेवरच्या मोजक्या तालुक्यांत. भाषिक न्याय म्हणून जे तिच्या गावाला द्यायचे, ते तिच्या वैयक्तिक आयुष्यातील पंधरा वर्षांच्या शिक्षणाला रद्दबातल ठरवणारे. आणि १९५६ नंतर बेळगावच्या मराठी मुलांचे असेच झाले, याविरुद्ध आपण सात दशके लिहीत आलो आहोत.

अशा लोकांसाठी तरतुदी नाहीत असे नाही. १९५७ पासून भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत. एखाद्या तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्क्यांहून अधिक असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे राज्यांनी मान्य केले आहे. कन्नड भाषकांसाठी महाराष्ट्र आणि मराठी भाषकांसाठी कर्नाटक हे वचन किती पाळतो, ते दोन्हीकडच्या सरकारी पाट्या पाहून ज्याने त्याने ठरवावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने सरकारी नोकरांची काळजी घेतली होती. नव्या राज्यात गेल्यावर त्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीविना त्यांना तोट्याच्या ठरतील अशा बदलू नयेत, असे एक कलम त्यात होते. कारकुनाच्या ज्येष्ठतेसाठी कलम सुचले. शाळेतल्या मुलीने ज्या भाषेत अक्षरे गिरवली तिच्यासाठी सुचले नाही. महाराष्ट्र मात्र एक गोष्ट करतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे. म्हणजे जो भूभाग आपल्या राज्यात नाही तिथल्या मुलांनाही आपण हक्क देऊ शकतो. हे औदार्य मला आवडते, आणि म्हणूनच वाटते, की मातृभाषेच्या अटीवर उभा असलेला हा पूल दोन्ही बाजूंनी का बांधू नये? राज्य कोणतेही असो, दोन्हीकडच्या पात्रता परीक्षा आणि जातीचे दाखले सीमेलगतच्या तालुक्यांपुरते एकमेकांनी मानले, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी माणसे निकालात निघणार नाहीत. हे सुचवायला मी कायदेपंडित नाही. पण नकाशाचे भांडण मिटल्यावर माणसांचे पाहू, हा क्रम १९५६ साली वापरून झाला आहे.

पुढील अभ्यासक्रमासाठी ‘बेरड’ आणि ‘उपरा’ एकाच घटकात लावावीत आणि त्यांच्याबरोबर दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांची संबंधित पाने वाचनासाठी द्यावीत, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळापुढे ठेवला आहे. यादी हे साहित्य नव्हे, असा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतला. त्यावर चर्चा व्हायची आहे. बंजारा विद्यार्थिनीने दरम्यान आपल्या आणि मामेबहिणीच्या दाखल्यांच्या छायाप्रती मला आणून दिल्या. एक मराठीत आहे, एक कन्नडमध्ये, आणि कन्नडमधला तिने मला वाचून दाखवला.